महिला दिनाच्या ‘त्या हजारो स्त्रिया’ कोण होत्या?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मार्च महिना उजाडला की आपल्याकडच्या पुरवण्यांतून, शाळा-महाविद्यालयांतल्या भाषणांतून आणि अलीकडे मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांतून एक वाक्य हमखास भेटते. न्यूयॉर्कमधील वस्त्रोद्योगातल्या हजारो स्त्री-कामगारांनी कामाचे तास, सुरक्षितता आणि मतदानाचा हक्क यांसाठी रस्त्यावर उतरून निदर्शने केली आणि त्यातून जागतिक महिला दिन सुरू झाला, असा त्याचा आशय असतो. मी बरीच वर्षे माध्यमिक शाळेत इतिहास शिकवला. वक्तृत्व स्पर्धांमध्ये हे वाक्य मी कितीतरी मुलींच्या तोंडून ऐकले आहे. ते म्हणून झाले की मुली लगेच सावित्रीबाईंकडे वळतात आणि तेथून अंतराळवीर स्त्रियांपर्यंत जातात. न्यूयॉर्कच्या त्या हजारो स्त्रियांपैकी एकीचेही नाव, गाव, भाषा किंवा धर्म त्यांना कोणी सांगितलेला नसतो. यंदाच्या पुरवण्यांतही तेच वाक्य जसेच्या तसे वाचले, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

त्या स्त्रियांपैकी बहुसंख्य ज्यू होत्या. झारच्या रशियन साम्राज्यातून, म्हणजे आजच्या युक्रेन, पोलंड, लिथुएनिया, बेलारूस या भागांतून आलेल्या, साधारण सोळा ते पंचवीस वर्षांच्या, यिडिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) बोलणाऱ्या मुली होत्या त्या. त्यांच्या जोडीला इटालियन मुली मोठ्या संख्येने होत्या. त्यांची नावे, भाषणे, तुरुंगवाऱ्या आणि पुढची आयुष्ये यांच्या नोंदी उपलब्ध आहेत. तरीही आपण त्यांना ‘हजारो’ या एका शब्दात गुंडाळून ठेवतो, हे मला अन्यायाचे वाटते.

आधी तारखेविषयी. पुष्कळ लेखांत १८५७ सालच्या ८ मार्चला झालेल्या न्यूयॉर्कच्या संपाचा दाखला दिला जातो. त्याला समकालीन पुरावा सापडत नाही, हे इतिहासकारांनी कधीच दाखवून दिले आहे. पुरावा आहे तो २८ फेब्रुवारी १९०९ चा. त्या दिवशी अमेरिकेच्या सोशलिस्ट पक्षाने पहिला ‘राष्ट्रीय स्त्री दिन’ पाळला आणि त्यामागे पक्षाच्या महिला समितीतल्या थेरेसा माल्कील यांचा पुढाकार होता. १८७४ साली युक्रेनमधल्या बार या गावी एका ज्यू कुटुंबात जन्मलेल्या थेरेसा १८९१ मध्ये न्यूयॉर्कला आल्या, कोट शिवण्याच्या कारखान्यात कामाला लागल्या आणि थोड्याच काळात त्यांनी तिथल्या स्त्री-कामगारांची संघटना उभी केली. पुढे ऑगस्ट १९१० मध्ये कोपनहेगन येथील समाजवादी स्त्रियांच्या परिषदेत जर्मन समाजवादी नेत्या क्लारा झेटकिन आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी आंतरराष्ट्रीय दिनाचा ठराव मांडला, १९ मार्च १९११ रोजी युरोपातील काही देशांत तो प्रथम साजरा झाला आणि १९१७ च्या रशियन क्रांतीनंतर ८ मार्च ही तारीख रूढ झाली. झेटकिन यांचे नाव आपल्याकडे निदान अधूनमधून येते. माल्कील यांचे नाव मात्र मी मराठी पुरवण्यांत क्वचितच पाहिले आहे.

या मुली लढाऊ का निघाल्या, हे समजून घ्यायचे तर त्या कुठून आल्या ते पाहावे लागते. झारच्या राज्यात ज्यूंनी कोठे राहावे यावर निर्बंध होते, सरकारी माध्यमिक शाळांत त्यांच्यासाठी ठरावीक टक्केच जागा असत आणि अधूनमधून त्यांच्या वस्त्यांवर जमाव चालून जात. १९०३ सालच्या किशिनेव्ह येथील ज्यूंच्या हत्याकांडानंतर ज्या असंख्य कुटुंबांनी तो देश सोडला, त्यांत पुढे न्यूयॉर्कच्या संपाची हाक देणाऱ्या क्लारा लेम्लिख यांचे कुटुंब होते. क्लारा यांचा जन्म १८८६ चा, युक्रेनमधल्या गोरोदोक गावचा. ज्यूंना शाळेत न घेणाऱ्या राजवटीची भाषा घरात नको, म्हणून वडिलांनी रशियन पुस्तकांना बंदी केली होती. क्लारा यांनी काजे करून आणि निरक्षर बायकांची पत्रे लिहून देऊन पैसे जमवले आणि चोरून रशियन पुस्तके वाचली. या समाजात मुलग्यांना धर्मग्रंथांचे शिक्षण मिळे आणि मुली त्यापासून दूर ठेवल्या जात. नवरा धर्माध्ययनात गढलेला असला तर दुकान किंवा शिवणकाम सांभाळून संसार चालवणे हे बायकोचे काम समजले जाई. त्यामुळे कमावणारी स्त्री त्यांच्यात नवी नव्हती. शिकण्याची भूक मात्र भागलेली नव्हती. न्यूयॉर्कच्या शिलाई कारखान्यांत पोहोचलेल्या मुली ही भूक आणि त्या राजवटीविषयीचा राग बरोबर घेऊन आल्या होत्या, असे मला वाटते.

कारखान्यात काय होते? त्या काळी ‘शर्टवेस्ट’ नावाचा, पुढे बटणे असलेला बायकांचा ब्लाउज अमेरिकेत फार खपत असे आणि तो शिवणारे शेकडो कारखाने न्यूयॉर्कमध्ये होते. मुलींना सुई, दोरा आणि मशीन चालवणाऱ्या विजेचे पैसे मजुरीतून कापून द्यावे लागत, काही ठिकाणी बसायच्या खुर्चीचेही. उशीर झाला की दंड होई. घड्याळाचे काटे मागे ढकलून काम लांबवल्याच्या तक्रारी सर्रास होत्या. संध्याकाळी सुटताना कापड चोरले का ते पाहण्यासाठी पिशव्या तपासत आणि त्यासाठी एकच दार उघडे ठेवून बाकीची कुलूपबंद करीत. ट्रायँगल नावाच्या कारखान्यात लहानपणीच कामाला लागलेल्या पॉलीन न्यूमन यांनी पुढे सांगितले, की सरकारी तपासनीस आला की लहान मुलांना कपड्यांच्या मोठ्या खोक्यांत बसवत आणि वर शर्ट पसरून टाकत. तपासनीस गेला की मुले बाहेर येऊन पुन्हा दोरे कापायला बसत.

२२ नोव्हेंबर १९०९ रोजी न्यूयॉर्कमधल्या कूपर युनियन या संस्थेच्या सभागृहात या कामगारांची सभा भरली. काही कारखान्यांत संप आधीच सुरू होता आणि तो सगळ्या धंद्यात पसरवावा की नाही, हा प्रश्न होता. अमेरिकेतल्या कामगार संघटनांचे सर्वोच्च नेते सॅम्युअल गॉम्पर्स व्यासपीठावर होते. दोन तास भाषणे चालली. प्रत्येक वक्ता पाठिंबा देत होता आणि प्रत्येक जण सबुरीचा सल्लाही देत होता. तेव्हा संपाच्या वेळी कारखान्याच्या फाटकावर मार खाऊन बरगड्या मोडून घेतलेल्या तेवीस वर्षांच्या क्लारा लेम्लिख यांनी श्रोत्यांतून उठून बोलू देण्याची मागणी केली. त्या यिडिशमध्ये बोलल्या आणि थोडक्यात बोलल्या: गोल गोल भाषणे ऐकून आपण कंटाळलो आहोत, संप करायचा की नाही ते ठरवायला आपण जमलो आहोत आणि सार्वत्रिक संप पुकारावा असा माझा ठराव आहे. सभागृह उठून उभे राहिले. अध्यक्षांनी सगळ्यांना उजवा हात वर करायला लावून शपथ दिली, की आज घेतलेल्या वचनाशी मी द्रोह केला, तर उंचावलेला हा हात झडून जावो. जेरुसलेमला विसरलो तर माझा उजवा हात निकामी होवो, असे ज्यूंच्या धर्मग्रंथातल्या स्तोत्रसंहितेतील १३७ वे स्तोत्र म्हणते. देवळातल्या प्रार्थनेची ती वचने त्या रात्री संपाची शपथ झाली. आपल्याकडे अभंगाची ओळ मोर्चाची घोषणा झालेली पाहिलेल्यांना या क्षणाची ताकद वेगळी समजावून सांगायला नको.

दुसऱ्या दिवसापासून वीस हजारांहून अधिक कामगार बाहेर पडले. त्यांत स्त्रियांचे प्रमाण फार मोठे होते आणि त्या काळी अमेरिकेत स्त्रियांचा इतका मोठा संप झालेला नव्हता. ऐन हिवाळ्यात, बर्फात, फाटकाबाहेर उभे राहिल्याबद्दल सातशेहून अधिक जणींना अटक झाली. एका न्यायाधीशाने तर तुमचा संप ईश्वराविरुद्ध आणि निसर्गाविरुद्ध आहे, असे सुनावले. फेब्रुवारी १९१० पर्यंत तीनशेहून अधिक कारखान्यांनी करार केले. आठवड्याला बावन्न तास काम, काही भरपगारी सुट्ट्या आणि सुई-दोऱ्याचा खर्च मालकाकडे, इतके पदरात पडले. ट्रायँगलच्या मालकांनी मात्र संघटनेला मान्यता दिली नाही, आणि सुरक्षित जिने व उघडी दारे या मागण्या तिथे मान्य झाल्या नाहीत.

२५ मार्च १९११, शनिवार. धर्माप्रमाणे ज्यूंच्या विश्रांतीचा वार, पण पोटासाठी या मुली त्या दिवशीही मशीनवर होत्या. ट्रायँगल कारखाना आठव्या, नवव्या आणि दहाव्या मजल्यावर होता. सुटायच्या वेळेला, पावणेपाचच्या सुमारास, आठव्या मजल्यावर कातरकामाच्या टेबलाखाली साठलेल्या चिंध्यांनी पेट घेतला. दहाव्या मजल्यावरच्या कार्यालयाला फोनने कळले. मालक तिथेच होते आणि ते गच्चीवरून शेजारच्या इमारतीत निसटले. नवव्या मजल्याला कोणी कळवलेच नाही. तिथल्या मुलींना आग दिसली तेव्हा एका जिन्याकडे ज्वाळा होत्या आणि दुसऱ्या जिन्याच्या दाराला कुलूप होते. बाहेरचा लोखंडी जिना भाराने कोसळला. अग्निशमन दलाच्या शिड्या सहाव्या मजल्यापर्यंतच पोहोचल्या. अर्ध्या तासाच्या आत १४६ जीव गेले, त्यांत १२३ स्त्रिया होत्या आणि काही जणी अवघ्या चौदा वर्षांच्या. आगीपासून वाचण्यासाठी अनेक मुलींनी खिडकीतून उड्या घेतल्या आणि शहराने त्यांना पदपथावर पडताना पाहिले. पाहणाऱ्यांत फ्रान्सिस पर्किन्स होत्या. त्या ज्यू नव्हत्या. पण पुढे अमेरिकेच्या पहिल्या स्त्री-मजूरमंत्री झालेल्या पर्किन्स यांनी आपल्या कामाचे मूळ त्या दिवसात असल्याचे सांगितले आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. ट्रायँगलचे दोन्ही मालक स्वतः ज्यू स्थलांतरितच होते. त्यांच्यावर खटला चालला आणि दार कुलूपबंद असल्याचे त्यांना माहीत होते हे सिद्ध झाले नाही, म्हणून डिसेंबर १९११ मध्ये ते सुटले. पुढे दिवाणी दाव्यांत मृतांच्या नातेवाइकांना प्रत्येक बळीमागे ७५ डॉलर मिळाले. मालकांपैकी एकाला तर १९१३ मध्ये पुन्हा दार कुलूपबंद ठेवल्याबद्दल पकडून वीस डॉलर दंड झाला. आपल्या जातीचा, आपल्या भाषेचा, आपल्याच प्रार्थनामंदिरातला मालक म्हणून या स्त्रियांनी त्याची गय केली नाही आणि समाजाची अब्रू जाईल या भीतीने गप्पही बसल्या नाहीत. माझ्या मते त्यांच्या सार्वजनिक कार्याचा हा सर्वांत मोलाचा भाग आहे, कारण परक्याच्या अन्यायाविरुद्ध बोलण्यापेक्षा घरच्याविरुद्ध बोलणे स्त्रीला नेहमीच जड जाते.

आगीनंतर आठवडाभराने, २ एप्रिल रोजी, मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये शोकसभा झाली. शहरातील धनाढ्य आणि सुधारक मंडळी जमली होती. रोझ श्नायडरमन तिथे उठल्या. पोलंडमध्ये जन्मलेल्या, टोप्या शिवून कुटुंब पोसलेल्या या ठेंगण्या बाई हळू आवाजात बोलल्या. मी इथे येऊन सलोख्याच्या गोष्टी केल्या, तर या जळून गेलेल्या देहांशी मी गद्दारी केल्यासारखे होईल, असे त्यांनी सांगितले. तुमच्या दानधर्माचा अनुभव आम्ही घेतला आहे, आता कामगारांनी स्वतःची संघटना बळकट करण्यावाचून मार्ग नाही, असा त्या भाषणाचा रोख होता. कामगार स्त्रीला भाकर हवी तशीच गुलाबाची फुलेही हवीत, हे त्यांचे पुढच्या वर्षीचे उद्गार जगभर गाजले. मतदानाने स्त्रियांचे सौंदर्य आणि मार्दव नष्ट होईल असे म्हणणाऱ्या आमदाराला त्यांनी विचारले होते, की धोबीखान्यात आणि ओतशाळेत दिवसभर उभे राहून जे सौंदर्य जात नाही, ते वर्षातून एकदा मतपेटीत चिठ्ठी टाकल्याने कसे जाईल? या प्रश्नाला आजही माझ्याकडे तोड नाही.

न्यूयॉर्क राज्याने त्याच वर्षी कारखाना चौकशी आयोग नेमला आणि पर्किन्स, श्नायडरमन, न्यूमन यांच्यासारख्या स्त्रियांच्या कामाचा त्याला मोठा आधार मिळाला. पुढील काही वर्षांत तीसहून अधिक कायदे झाले: कामाच्या वेळात दारे उघडी ठेवावीत, ती बाहेरच्या बाजूला उघडावीत, आगीची कवायत घ्यावी, उंच इमारतींत पाण्याचे फवारे बसवावेत, स्त्रियांच्या कामाचे तास मर्यादित असावेत.

या स्त्रियांचे काम कारखान्यापुरते नव्हते. मे १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यू वस्तीत कोशर, म्हणजे ज्यू धर्मनियमांनुसार तयार केलेल्या, मांसाचा भाव पौंडाला बारा सेंटांवरून अठरावर गेला, तेव्हा तिथल्या गृहिणींनी खाटकांवर बहिष्कार पुकारला. त्या दुकानांपुढे उभ्या राहिल्या, विकत घेतलेले मांस हिसकावून त्यांनी त्यावर रॉकेल ओतले, अटकही करून घेतली. शनिवारी प्रार्थनामंदिरात धर्मग्रंथाचे वाचन चालू असताना ते थांबवून त्यांनी पुरुषांकडे पाठिंबा मागितला. अन्याय झालेल्याने प्रार्थना थांबवून दाद मागावी, ही जुनी रीत त्या समाजात होती. स्त्रियांनी ती हक्काने वापरली. १९७२-७३ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांच्या नेतृत्वाखाली हातात लाटणी घेऊन रस्त्यावर उतरलेल्या मुंबईच्या गृहिणी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना १९०२ च्या त्या बायका ओळखीच्या वाटतील. १९०७-०८ च्या हिवाळ्यात घरभाड्याविरुद्ध झालेल्या संपाच्या पुढाऱ्यांत पॉलीन न्यूमन होत्या, तेव्हा त्यांचे वय जेमतेम वीस होते. स्त्रियांचे कपडे शिवणाऱ्या कामगारांच्या संघटनेच्या पहिल्या पगारी स्त्री-संघटक त्याच झाल्या, आणि सदस्य बहुतेक स्त्रिया असताना नेतेपदे पुरुषांकडेच का, हा त्यांचा सवाल अखेरपर्यंत राहिला. थेरेसा माल्कील १९११ मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेत व्याख्यानांच्या दौऱ्यावर गेल्या, तेव्हा आपल्याच पक्षाचे गोरे कार्यकर्ते कृष्णवर्णीयांना दूर ठेवतात हे त्यांनी पाहिले आणि त्याविरुद्ध उघडपणे लिहिले. क्लारा लेम्लिख तर म्हातारपणी लॉस एंजेलिसच्या वृद्धाश्रमात राहत असतानाही स्वस्थ बसल्या नाहीत. तिथल्या कर्मचाऱ्यांना त्यांनी संघटना बांधायला उद्युक्त केले आणि शेतमजुरांच्या लढ्याला पाठिंबा म्हणून आश्रमात द्राक्षे आणू नयेत, हे व्यवस्थापनाला पटवले.

ज्यू स्त्रियांचे सामाजिक काम मराठी माणसाला परके असण्याचे कारण नाही. मुंबईत बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या, स्त्रियांनी १९१३ मध्ये ‘स्त्री मंडळ’ सुरू केले. त्यामागे असलेल्या डॉ. जेरुशा झिराड यांनी पुढे कामा रुग्णालयाची धुरा अनेक वर्षे सांभाळली, बाळंतिणींच्या मृत्यूंचा अभ्यास केला आणि १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्याविषयी स्वतंत्रपणे लिहायला हवे, म्हणून येथे एवढाच उल्लेख करते.

कोणी म्हणेल, शंभर वर्षांपूर्वीच्या न्यूयॉर्कच्या मुलींचा धर्म आणि नावे कळून आपल्याला काय करायचे आहे? माझे उत्तर असे, की नावे गेली की मागण्याही जातात. आपल्या पुरवण्यांत महिला दिन सवलतीच्या जाहिराती, सौंदर्यप्रसाधने आणि ‘ती’ची कौतुके यांनी भरून जातो, आणि उघडे दार, मोजके तास, स्वतःची संघटना या मूळ मागण्या कुठेच दिसत नाहीत. त्या मागण्या जुन्या झालेल्या नाहीत. जून २०२१ मध्ये मुळशी तालुक्यात उरवडे येथील रासायनिक कारखान्याला आग लागली, तेव्हा बळी गेलेल्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. डिसेंबर २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडमध्ये तळवडे येथे केकवर लावायच्या मेणबत्त्या बनवणाऱ्या कारखान्यातही होरपळल्या त्या मुख्यतः बायकाच. या दोन्ही आगींच्या बातम्या आपण चार दिवस वाचल्या. त्या बायकांची नावे आज आपल्यापैकी कितीजणांना सांगता येतील?

म्हणून संपादक महोदय, माझी विनंती दोन गोष्टींची आहे. पुढच्या वर्षीच्या ८ मार्चच्या पुरवणीत ‘हजारो स्त्री-कामगार’ असे न लिहिता थेरेसा माल्कील, क्लारा लेम्लिख, रोझ श्नायडरमन आणि पॉलीन न्यूमन यांची नावे छापावीत आणि त्या कोण होत्या, कुठून आल्या होत्या, त्यांनी नेमके काय मागितले होते, हे तरुण वाचकांना सांगावे. आणि २५ मार्चच्या अंकासाठी आपल्या वार्ताहरांना भिवंडी, उल्हासनगर, इचलकरंजी, सोलापूर येथील शिलाई आणि कापडाच्या कारखान्यांत पाठवावे. तिथे काम करणाऱ्या बायकांना विचारावे, की कामाच्या पाळीत मागचा दरवाजा उघडा असतो का, त्याची किल्ली कोणाकडे असते आणि आगीची कवायत शेवटची कधी झाली. त्या जे सांगतील ते त्यांच्या संमतीने पहिल्या पानावर छापावे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, पुणे